रुख्माची चूक

भंडाऱ्याच्या प्रशिक्षणातून शालीकराम गुरुजी नवी पद्धत शिकून आले होते. पोरांनी हातानं करून शिकायचं, आणि शेवटी ज्याचं त्यानं उभं राहून आपलं काय चुकलं ते सांगायचं. आज केशोरीकडच्या त्यांच्या शाळेत हेच बघायला खुद्द इन्स्पेक्टर साहेब आले होते, आणि त्यांच्या एका शेऱ्यावर गुरुजींची नोकरी पक्की व्हायची होती. सातवीच्या पोरांना तयार करता करता गुरुजींचा आठवडाभरात घसा बसला होता.

पोरांनी दोरीनं शाळेचं अंगण मोजलं. गुरुजींनी क्षेत्रफळ विचारलं, तशी रुख्मा ताडकन उठली आणि अचूक उत्तर देऊन मोकळी झाली. साहेब म्हणाले, "शाब्बास!" गुरुजींनी मात्र तिच्याकडे पाहून डोळे वटारले.

"आज कोणाचंच काही चुकलं नाही वाटतं," साहेब हसत खुर्चीतून उठू लागले. "पण बाळांनो, आपली चूक आपण होऊन सांगणारा मला पहिल्या नंबराहून प्यारा."

हे ऐकलं आणि रुख्माचे डोळे भरून आले. ती हळूच उभी राहिली. गुरुजी डोळ्यांनीच "बस, बस" म्हणत होते, पण पोरगी पाहत होती साहेबांकडे.



"साहेब, माजी चुकी झाली. गुरुजीनं मले पयलं उत्तर चुकीचं द्याले सांगतलं होतं, अन् मी भुलून बरोबर सांगून देलं."