शेवटची बाटली

"अण्णा, जवळ येऊ नका," फाटकाबाहेरूनच यामिनी म्हणाली.

दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या हृदयाच्या औषधाचा नवा स्फटिक तिच्याच चंचुपात्रात तयार झाला होता. त्यात रेणू इतके घट्ट रचलेले होते, की गोळी पोटात विरघळेचना. त्याचा एखादा कण जिथे पडे, तिथलं सगळं जुनं औषध तसंच होऊन जाई. जगभरचा साठा असा वाया गेला. उरली ती अण्णांची बाटली, आणि म्हणूनच यामिनी घरी फिरकली नव्हती. कण तिच्या केसांतही असू शकत होता.

"बाटली नीट आहे ना?"

"जिवापाड जपलीय," वडील ओसरीवरून म्हणाले. "वसतिगृहातून तुझी पेटी आली ना, त्यातल्या तुझ्या प्रयोगशाळेच्या कोटात गुंडाळून ठेवतो."

"त्या कोटात?" यामिनीने विचारलं. "एक गोळी पाण्यात टाकून बघा."

चांगल्या गोळीने पाण्याला पिवळी झाक यायची. अण्णांनी पेला ढवळला, उन्हात धरला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. पाणी नितळ होतं.

यामिनीने फाटक उघडलं. आता जवळ जायला काही हरकत नव्हती.