अठ्ठ्याण्णव

एका कंपनीचा ऑक्सिमीटर पेन्सिलीला लावला तरी रक्तातला ऑक्सिजन अठ्ठ्याण्णवच दाखवतो, असं सुरुचीने नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनमधून इंटरनेटवर लिहिलं. त्या कंपनीने पुण्यात तिच्याविरुद्ध बदनामीचा खटला जिंकला. "तो निकाल इथलं न्यायालय मानणार नाही," तिची द हेगची वकील म्हणाली, "पण भारतात उतरलात तर अटक होऊ शकते." आईला घोर नको म्हणून सुरुचीने घरी यातलं अवाक्षरही काढलं नव्हतं. आई 'कधी येतेस?' विचारायची, ती कोरोनामुळे विमानं बंद असल्याचं सांगायची.

आज व्हिडिओ कॉलवर आईचे ओठ निळसर दिसत होते.

"जरा धाप लागतेय गं. पण घाबरू नकोस, हे बघ, अठ्ठ्याण्णव!"

आईच्या बोटावर त्याच कंपनीचं यंत्र होतं.

"आई, ते खोटं दाखवतंय. शेजारच्या काकांना हाक मार, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा," सुरुची म्हणाली. "मी येतेय."