उरलेला शब्द

सर्जेरावांना त्या दुपारी मिळणार होतं ते काही थोडंथोडकं नव्हतं. नात करुणा डॉक्टर होणार होती, बजाजनगरातल्या त्या गल्लीतली पहिली. सरकारी मेडिकलला तिचा नंबर लागला होता, राखीव जागेवर. जातीच्या दाखल्याची पडताळणी तेवढी राहिली होती. घर कागदावर हिंदू मातंग होतं आणि दर रविवारी ख्रिस्ती. कुणीतरी जळक्यानं ते वर कळवलं, आणि आता चौकशीला साहेब यायचे होते. ख्रिस्ती ठरलं की जागा गेली. सर्जेरावांनी करायचं एवढंच होतं, विचारतील तेव्हा ‘नाय’ म्हणायचं. याहून स्वस्त सौदा छावणीच्या आठवडी बाजारातही मिळत नाही.

तयारी चोख होती. भिंतीवरचा क्रूस गव्हाच्या कोठीत गेला. देव शेजारच्या वच्छलाबाईंकडून उसने आणले, देव्हाऱ्यासकट.

“न्या की. देवाला काय, इथं बसला काय अन् तिथं काय,” वच्छलाबाई म्हणाल्या. “पर दिवा विझू देऊ नका. अन् परत आणताना त्याल घालून आणा.”

अडचण एकच होती आणि ती खाटेवर पडून होती. सर्जेरावांच्या बायकोला, केसरबाईंना, लकवा झाला होता. त्यात सगळे शब्द गेले. नवऱ्याचं नाव, नातीचं नाव, पाणी, भाकरी, सगळे. उरला एकच. चहाची बशी हातात धरून सर्जेराव प्रार्थना म्हणत, ती संपली की केसरबाई म्हणत, “आमेन.” मगच घोट घेत. हल्ली तर कुणाचंही लांबलचक बोलणं थांबलं की त्या आमेन म्हणायच्या. दारावरच्या भाजीवाल्याला ते रोज मिळायचं. पाळकसाहेबांनी चर्चमधल्या उपदेशात सांगितलं होतं, विश्वासूपणा काय असतो ते केसरबाईंकडं बघून शिका. सगळं गेलं, आमेन गेलं नाही. तेव्हा पहिल्या बाकावर बसून सर्जेरावांनी अशी मान डोलावली होती, जणू अर्धं श्रेय त्यांच्या खात्यात.

साहेब यायच्या आधी सर्जेराव खाटेशी वाकले.

“केसर, आज बोलायचं नाय. एक डाव. आपल्या पोरीसाठी. ऐकतीस ना?”

केसरबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग चांगल्या हातानं पदराचं टोक उचलून त्यांनी तोंडावर धरलं.

साहेब आले. माणूस सभ्य होता. देव्हाऱ्याला हात जोडूनच खुर्चीवर बसला.

“लग्नं कशी लावता?”

“अक्षदा टाकून. सगळ्यांसारखी.”

“चर्चमध्ये जाता?”

“नाय. नाताळात जाऊन येतो, लायटिंग बघायला. सगळं शहर जातंय.”

“बाप्तिस्मा घेतलाय कुणी?”

“नाय.”

“येशूला मानता?”

सर्जेरावांनी देव्हाऱ्यातल्या दिव्याकडे बघितलं. तो नीट जळत होता.

“नाय साहेब. आमचा त्याचा काय संबंध?”

शिष्य असून पेत्रानं प्रभूला तीनदा नाकारलं तेव्हा कोंबडा आरवला होता. बजाजनगरात कोंबडे कुठले. शेजारी कुकरची शिट्टी झाली.

साहेबांनी जबाब लिहून घेतला आणि नियमाप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवला. जन्म, लग्न, मयत, सणवार, कुलदैवत. शेवटचं वाक्य त्यांनी जरा सावकाश वाचलं, “सदर कुटुंबाचा ख्रिस्ती धर्माशी कोणताही संबंध नाही.” आणि थांबले.

करुणा चहा घेऊन उभी होती. तिनं आजीकडे बघितलं.

पदराआड केसरबाईंचे ओठ हलले. आवाज आला नाही.

“आजींना बोलता येत नाही का?”

“नाय साहेब,” सर्जेराव म्हणाले. “एक शब्दसुद्धा नाय.”

साहेबांनी चहा संपवला. दारात करुणाला म्हणाले, “अभ्यास कर बेटा. फिकीर करू नको.”

संध्याकाळी देव परत गेले, तेल घालून. क्रूस दाणे झटकून आपल्या खिळ्यावर चढला. करुणानं पुन्हा चहा टाकला, या खेपेला आपल्या माणसांसाठी, आलं ठेचून. सर्जेरावांनी बशी हातात घेतली, डोळे मिटले, नेहमीची प्रार्थना म्हटली आणि थांबले.

काही नाही.

“आजी, गेला तो,” करुणा हसत म्हणाली. “आता बोललं तरी चालतंय.”

सर्जेरावांनी प्रार्थना पुन्हा म्हटली. मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तशी. थांबले. मग बशी खाली ठेवून तोंडावरचा पदर बाजूला करायला गेले. केसरबाईंनी तो सोडला नाही. त्या हातात अजून एवढा जोर असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“अगं, एकच डाव म्हणलं होतं मी,” सर्जेराव म्हणाले.

केसरबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर समजूत काढता आली असती.

पुढं करुणाला जागा मिळाली. वच्छलाबाईंना देव मिळाले, वर तेल. साहेबांना चहा मिळाला. सर्जेरावांना हवं होतं ते सगळं मिळालं. एवढ्या जणांचं भागलं, गेलं ते एकट्या केसरबाईंच्या पदरचं, आणि त्यांच्यापाशी मुळात होतं किती?

सर्जेराव अजून प्रार्थना म्हणतात. म्हणून झाली की थांबतात. बशीतल्या चहावर साय धरते.