चौथा डबा

विज्ञानापुढे सगळी माणसं सारखी असतात, असं मनोहररावांनी प्रयोगशाळेत पाऊल टाकताच जाहीर केलं. बायजाबाईला त्यांनी दाराबाहेर उभं राहायला सांगितलं होतं.

मनोहरराव रामदासपेठेतल्या एका वसतिगृहाचे वॉर्डन. महिन्याभरात वसतिगृहातली अकरा मुलं मुदतीच्या तापानं, म्हणजे टायफॉइडनं, आडवी झाली होती, आणि ताप कुठून आला हे मनोहररावांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बायजाबाईकडून. ती आधी व्हरांडा झाडायची. पोळ्यावाली बाई काम सोडून गेली तेव्हा आचारी चंपतरावानं हिला आत घेतलं. पोळ्या मऊ, मुलं खूश, त्यामुळे मनोहररावांचा इलाज चालला नव्हता. एवढं मात्र त्यांनी केलं होतं, की तिचा चहाचा कप वेगळा. टवका उडालेला, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेला.

आता आरोग्यखात्याचा हुकूम आला होता. अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा शौचाचा नमुना तपासा. डबे चार झाले. चंपतराव, बायजाबाई, वाढपी गोविंदा, आणि स्वतः मनोहरराव. रोज साडेदहाला ते पातेल्यातल्या वरणात बोट बुडवून मीठ बघत. त्यांना स्वतःची काळजी नव्हतीच. अठ्ठावन्न साली त्यांनी मुदतीचा ताप काढला होता आणि तेव्हापासून आपल्याला काही होत नाही असं ते अभिमानानं सांगत. चौथा डबा त्यांनी दिला तो स्वच्छ माणसाचं कसं असतं हे प्रयोगशाळेला कळावं म्हणून.

चिठ्ठ्या बदलता येतात, म्हणून डब्यांवर नावं त्यांनी स्वतः ऑइलपेंटनं लिहिली. मग डबे न्यायचे कोणी, हा प्रश्न आला. चंपतरावानं कानांवर हात ठेवले. गोविंदा दिसेनासा झाला. मनोहररावांनी चारही डबे बायजाबाईच्या हातात दिले. असलं काम कोणाचं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

डबे देऊन आज पाचवा दिवस. खिशात बडतर्फीचं टाइप केलेलं पत्र होतं. फक्त तारीख घालायची होती.

प्रयोगशाळेच्या यमुताईंनी काचेच्या चार चपट्या बशा टेबलावर मांडल्या. बशांत खरवसासारखा घट्ट, लालसर थर होता.

"यात पित्ताचे क्षार असतात," यमुताई म्हणाल्या. "त्यामुळे इकडचेतिकडचे जंतू इथं वाढतच नाहीत, आतड्यातले तेवढे वाढतात. वर दुधातली साखर घातलीय. नेहमीचे जंतू ती खातात आणि गुलाबी होतात. मुदतीच्या तापाचा जंतू तिला शिवत नाही. तो बिनरंगी राहतो."

"शिवत नाही?"

"मुळीच नाही. कडक सोवळ्यातला आहे."

मनोहररावांना त्या जंतूबद्दल नकळत आदर वाटला.

पहिल्या तीन बशांवर गुलाबी ठिपकेच ठिपके होते. चौथीवर गुलाबी थोडे, आणि मधे मधे पाण्याच्या थेंबासारखे बिनरंगी.

"हा बघा," यमुताई म्हणाल्या. "वेगळा काढला, बाकीच्या साखरा दिल्या, सीरम लावून पाहिलं. तोच आहे."

मनोहररावांनी नाव विचारलं नाही. पत्र काढलं, तारीख घातली, आणि दाराकडे तोंड करून ओरडले, "बायजे, ये आत! अकरा पोरांना खाटेवर पाडलंस. उद्यापासून मेसच्या आसपास दिसायचं नाही!"

बायजाबाई आत आली. पत्राला तिनं हात लावला नाही.

"बाईंची बशी दोन नंबरची," यमुताई म्हणाल्या. "गुलाबी आहे." आणि त्यांनी मागच्या फळीवरचा चार नंबरचा डबा फिरवून ऑइलपेंटची बाजू पुढे केली. अक्षर सुरेख होतं. मनोहररावांचं अक्षर पहिल्यापासूनच सुरेख.

"हिनं बदललं!" मनोहररावांचा आवाज चिरकला. "सगळे डबे हिच्याच हातात होते!"

"हिच्या हातात दिले कोणी?"

 उत्तर दिलं ते बायजाबाईनं.

"साहेब, डब्बे मी नेले ते नोकरीपायी. नावं तुमीनंच रंगवले. आतलं बदलवाचं म्हटलं तं झाकन उघडा लागलं असतं, आत हात घाला लागला असता. लोकाइची घान उचलनं माह्या बापानं छप्पन सालीच, दीक्षा घेतली तवा, सोडलं. तुमची मी काहून उचलू?"

यमुताईंनी नव्या नमुन्याचा डबा मागवला. तो मनोहररावांनी स्वतः आणला, रुमालात बांधून, सायकलवरून एका हातानं तोल सांभाळत. पाच दिवसांनी त्याचीही बशी बिनरंगी ठिपक्यांनी भरली. ताप गेला होता, जंतू चौदा वर्षं पित्ताशयात बिऱ्हाड करून होता.

खात्याचा कागद मेसच्या पत्त्यावर आला. चंपतरावानं तो बोट ठेवून ठेवून वाचला. वॉर्डनसाहेब उंबऱ्याबाहेर उभे होते, कारण आत यायचं नाही हे पहिल्याच ओळीत होतं.

"भांडे वेगळे ठेवा म्हन्ते," चंपतराव म्हणाला. "तुमचा कप कुठी ठेवू, साहेब?"

चंपतरावानं बायजाबाईचा कप उतरवला, विसळून बाकीच्या कपांत ठेवला.

स्वयंपाकघराच्या भिंतीला खिळा एकच होता.