सात खड्डे

"सुरू जाहलें कीं सांग," भुवनेश्वरी म्हणाली. पदराला बोटं पुसून तिनं दोन्ही हात पुढे केले.

त्रिविक्रमनं बहिणीचा उजवा अंगठा धरला आणि लॅपटॉपच्या लांब कळेवर नेऊन टेकवला. सांभाळायची ती एवढी एकच कळ. पडद्यावरचा शिपाई आपला आपण धावत सुटतो, खड्डा आला की उडी तेवढी आपण मारायची. असे सात खड्डे, आणि मग किल्ल्याचं दार.

हाच खेळ पूर्वी घरच्या टीव्हीला जोडलेला असे. त्यात भुवनेश्वरीला हरवणारं गल्लीत कुणी नव्हतं. पुढे तिची नजर जाऊ लागली. हे त्या खेळामुळेच, असं कुणीतरी अप्पांच्या डोक्यात भरवलं आणि अप्पांनी खेळाचा तो डबा उचलून विहिरीत टाकला. नजर जायची काही थांबली नाही. त्या गोष्टीला आता सहा वर्षं झाली होती. तो जुना खेळ हल्ली लॅपटॉपमध्ये जसाच्या तसा उतरवून घेता येतो, हे त्रिविक्रमला बंगळूरला कळलं, आणि कंपनीचा लॅपटॉप मांडीवर घेऊन तो रात्रभर बसनं कुंभकोणमला आला.

"अम्माचा चेहरा पुसट जाहला रे," ती म्हणाली, "पण त्यांतलें निळें आभाळ अजून दिसतें मला. खड्डे तर सगळे हातांत आहेत. ताल ऐकूनच मारीन बघ उड्या."

ती हसत होती. घरात तिला कुणी विळीला हात लावू देत नसे, की दुधाखालचा गॅस बंद करू देत नसे. आपल्याला अजून येतं असं तिच्यापाशी हे एवढंच उरलं होतं, आणि ते खरंच उरलंय का, हे तिला आज पाहायचं होतं.

गाणं सुरू झालं. पहिला खड्डा ओलांडला. दुसराही कसाबसा ओलांडला. तिसरा अरुंद काठाचा. शिपाई थेट आत.

"अगे, सवय गेली असेल. पुन्हा कर," त्रिविक्रम म्हणाला.

पुन्हा तिसऱ्यात. मग पुन्हा. पट्टीश्वरमची बस भोंगा वाजवत गेली तेव्हा तिनं तेवढ्यापुरता श्वास रोखला आणि बस लांब गेल्यावर नव्यानं सुरुवात केली. तरीही तिसऱ्यातच. हसू कधीच मावळलं होतं.

त्रिविक्रमला ते बघवेना. ह्या नव्या सोयीत एक गंमत होती. खेळ हव्या त्या जागी साठवून ठेवता येई, आणि कडेची एक कळ दाबली की शिपाई त्या जागी हजर होई. सकाळी स्वतः खेळून पाहताना त्यानं तिसऱ्या खड्ड्याच्या पलीकडची जागा साठवून ठेवली होती. त्यानं हळूच त्या कळेवर बोट ठेवलं आणि पडद्यावर डोळे रोखले. शिपाई काठाशी आला. त्यानं कळ दाबली. शिपाई पलीकडे!

"मारलीस! ओलांडलास बघ!" तो ओरडलाच. "अम्मा, भुवनानं तिसरा ओलांडला!"

"ओलांडला काय?" आतून अम्मांचा आवाज आला.

शिपाई चौथ्या खड्ड्यात पडला. उडी मारायला कळेवर कुणी नव्हतंच.

"अण्णा," ती म्हणाली, "माझे हात मांडीवर आहेत."

त्रिविक्रमनं तेव्हा कुठं पाहिलं. दोन्ही हात मांडीवर, एकावर एक, नीट ठेवलेले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काहीतरी करायचं म्हणून त्यानं खेळ पुन्हा लावला आणि स्वतः उडी मारली. शिपाई उडाला, खाली आला, आणि मग त्याचा 'हुप्' ऐकू आला. त्यानं परत मारली. परत तसंच. गाणंही पावलांच्या मागून फरफटत येत होतं. सकाळी तो डोळ्यांनी खेळला होता. कानांकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं.

"भुवने, ऐक. आवाज उशिरा येतोय. चित्र पुढं, ताल मागं. तुझं काही चुकलं नाही गे, ह्या मशीनची चूक. देवाशपथ."

"सरी, अण्णा," ती म्हणाली, नुसतं बरं म्हणावं तसं.

"खरंच सांगतोय."

"हो. सरी."

आवाजात राग नव्हता. डोळ्यांचे डॉक्टर पुढच्या महिन्यात या म्हणायचे, तेव्हा ती असंच सरी म्हणायची. त्रिविक्रमनं लॅपटॉप मिटला. हीच गोष्ट अर्ध्या घटकेपूर्वी सांगितली असती, तर तिनं ती मानली असती.

अम्मा कॉफी घेऊन बाहेर आल्या. त्यांनी पितळी पेला लेकीच्या हातात नीट धरवला, वर स्वतःचा हात तसाच ठेवला, सांडेल म्हणून.

"जिंकलीस काय गे?"

"कसलें काय, अम्मा. विसरलें सगळें," भुवनेश्वरी म्हणाली.

अम्मा आत गेल्या. ती पेला धरून बसून राहिली आणि बंद ओठांआड तेच गाणं गुणगुणू लागली, स्वतःच्याही नकळत. तिचा अंगठा पेल्याच्या काठावर पडत होता. त्रिविक्रम मोजू लागला. एक. दोन. अरुंद काठाचा तिसरा, अगदी ठोक्यावर. चौथा. पाचवा. सहावा.

सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. सातवाही तिनं ओलांडला.