अकरा वह्या

"ही बी न्हाई. खालचा सा खरखरतोय हिचा," म्हणत गुणमालाक्कांनी तिसरी पेटीही मागं सारली.

मिरजेच्या दुकानदारानं निमूट चौथी पेटी काढली. शेजारी सुंदरी यादी हातात धरून उभी होती. तिच्या नातीला, ब्राह्मीला, सांगलीत गाण्याची खासगी शिकवणी लावायची होती. सामानाची पारख कोण करणार, म्हणून तिनं अक्कांना सोबत आणलं होतं. गावातल्या बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, भजनी मंडळात बायका बारा, पण पेटीतलं कळणाऱ्या एकट्या अक्का.

चौथी पेटी पसंत पडली. मग तानपुऱ्याचं यंत्र झालं, पहिल्या परीक्षेचं पुस्तक झालं.

"आनि वह्या अकरा द्या," सुंदरी म्हणाली.

"एका नातीला अकरा वह्या? काय गं?"

"सर लय लिवायला लावत्यात म्हनं."

यादीच्या माथ्यावर सरांचं नाव आणि विश्रामबागेतला पत्ता छापलेला होता. अक्कांनी तो वाचला.

"मी येते की गं पेटी पोचवायला. सरांना चार शबूद सांगते."

"नगं, नगं!" सुंदरी दचकलीच. "सर कडक हाईत अक्का. परक्या मानसाला दारात उभं करत न्हाईत."

परतताना एसटीत अक्कांच्या डोक्यात उजेड पडला. बारातून आपण वजा, राहिल्या अकरा. आणि येत्या पर्युषणात आपल्याला मंडळ चालवायला लागून पंचवीस वर्षं होतात. सत्कार! या बाया लपूनछपून आपल्यासाठी गाणं बसवतायत. बिचारी ब्राह्मी उगीच मध्ये ओढली गेली. अक्कांना इतकं हसू येत होतं की त्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं.

घरी आल्या आल्या त्यांनी नवऱ्याला, बाळगोंडांना, सगळं सांगितलं. "तुमी मातुर गप ऱ्हावा. मला कळलंय असं दाखवायचं न्हाई."

बाळगोंडांनी पेपर खाली केला. "पंचवीस वर्सं त्या बायांवर वरडतीस तू. आनि त्या तुझा सत्कार करनार व्हय?"

"सुरापायी वरडते. त्यास्नी कळत न्हाई व्हय त्ये?"

ओरडत होत्या, हे खरं. चुकलेल्या बाईला त्या भर पूजेत थांबवायच्या. गेल्या वर्षी कराडच्या स्पर्धेत मंडळाचं नाव आलं नाही, अक्कांना मात्र वैयक्तिक बक्षीस मिळालं. पण त्याचे पेढे त्यांनी येताना गाडीत सगळ्यांना वाटले होते. अक्कांच्या मते विषय तिथंच संपला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली जुनी वही सुंदरीच्या हातात ठेवली. पंचवीस वर्षांतली सगळी भजनं, प्रत्येक ओळीखाली सूर लिहिलेले. आजवर ती वही त्यांनी कुणाला हात लावू दिली नव्हती.

"ब्राह्मीला दे. उपेगाला येईल."

सुंदरीचे डोळे भरून आले. "अक्का, कशाला..." एवढंच ती म्हणाली. अक्कांनाही भरून आलं. माणसं माया लावतात ती अशी.

गुरुवारी दुपारी मंडळातलं कुणीच गावात नव्हतं. कुणाला दात काढायचा होता, कुणाचं बँकेत काम निघालं होतं. अक्कांना राहवेना. ठेवणीतली साडी नेसून त्यांनी सांगलीची एसटी धरली. आत जायचं नाही, बाहेरूनच दोन ओळी ऐकायच्या आणि गुपचूप परतायचं, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं.

सरांच्या घराची खिडकी उघडी होती. सतरंजीवर अकराजणी ओळीनं बसल्या होत्या. समोर सर. चेहरा बघून अक्का हरखल्या. कराडच्या स्पर्धेतले परीक्षकच ते!

"आज पहिला दिवस," सर सांगत होते. "पण कराडला पेटीवर होत्या त्या बाई कुठं आहेत? खरं सांगतो, या शिकवणीला मी हो म्हणालो ते त्यांच्यामुळं. तसा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नाही. त्यांना पुढं बसवायचं, तुम्ही त्यांच्या मागं."

आत जायचं नाही हे अक्का विसरल्या. त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला.

आत सगळ्या सुंदरीकडं बघत होत्या.

"त्या वारल्या, सर," सुंदरी म्हणाली. "गेल्या दिवाळीत."



"अरेरे," सरांनी पेटीवरचा हात काढला. "मग आधी त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभ्या राहा."

अकराच्या अकराजणी पदर सावरत उठल्या आणि माना खाली घालून उभ्या राहिल्या.