उष्टा पेरू

"खा रे मेल्या, एक चोच तरी मार!" गंगुबाईने तारांमधून पेरू पुन्हा आत ढकलला.

पोपट सरकला नाही. सरकायला जागाच नव्हती. रॉकेलच्या डब्याची एक बाजू कापून तिथे तारा ठोकलेल्या, तोच पिंजरा. शेपूट दुमडून बसावं लागे. डबा ओटीच्या आढ्याला टांगलेला, पश्चिमेच्या उन्हात. खाली पायरीवर चार वर्षांची राही मान वर करून बसली होती.

राही अजून बोलत नव्हती. पोपटाचं उष्टं फळ खाल्लं की पोराची जीभ सुटते, म्हणून तिच्या आजीने, गंगुबाईने, हातखंब्याला मोटार थांबते तिथल्या पिंजरेवाल्याकडून हा पोपट आणला होता. बाप मुंबईला गिरणीत. शिमग्याला तो घरी येईल तेव्हा लेकीने 'बाबा' म्हणायला हवं होतं.

अंगणाच्या कुंपणाच्या, वईच्या कडेने चाललेला काशीराम थबकला. तो खोताच्या बागेचा राखण्या. कमरेला गोफण. तीस वर्षं पोपट हाकलण्यात गेलेली. त्याच्याएवढ्या शिव्या पोपटांना गावात कोणी दिल्या नसतील.

"काकी, ह्याचं पाणी कुठाय?"

"पोपट पाणी पीत नाय. पिंजरेवाल्यानं सांगितलंन."

"सांगितलंन! मग बागेत पाटावर रोज रांग लावून पितात ते कोण, माझे पाहुणे?"

गंगुबाई हसली. "तू दगड मारणारा. तुला कधीपासून रे पुळका?"

"मी दगड मारतो तेव्हा त्याला उडायला आभाळ असतं, काकी."

काशीराम अंगणात आला. त्याने डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. पोपट आळीपाळीने एकेक पाय उचलत होता ते नाचायला नव्हे. छातीवरची पिसं त्याने आपणच उपटून काढली होती. पंख कात्रीने एका रेघेत कापलेले. वाटीत लाल मिरच्या आणि खारवलेली डाळ.

"मिरची खाल्ली की जीभ पातळ होते," गंगुबाईने समजावलं.

"तुमची झाली ती मिरच्यांनीच काय?"

आत जात्याची घरघर थांबली. राहीची आई विमल पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. पाणवठ्याकडून परतणाऱ्या दोघी भरल्या कळश्या घेऊन वईपाशी थबकल्या, तसा काशीराम त्यांच्याकडे वळला. त्याचा आवाज चढला होता.

"तुमीपण ऐका गो! तुमच्या ओटीवरही टांगलेत असे. ताजं पाणी द्या रोज. प्यायला वेगळं, न्हायला वेगळं. सावली द्या. ज्यात पंख उघडत नाय तो पिंजरा नव्हे, तिरडी ती! मीठमिरची तुमच्या तोंडात घाला. थव्यात जन्मलेला जीव, त्याला एकटा कोंडता, आणि वर बोल म्हणता? काय बोलेल तो? बोललाच तर शिव्या देईल, आणि त्या मी शिकवीन त्याला!"

कळशीवाल्या तोंडाला पदर लावून हसल्या. काशीराम हसला नाही.

"काकी, पहाटे जात्यावर तुमीच गाता ना?

राघू माझा गं बसला, फणसाच्या फांदीवरी
त्याच्या बोलाची सावली, माझ्या दळत्या हातावरी.

फांदीवर बसवलात त्याला ओवीत. मग घरात डब्यात कसा?"

"ओवी ऱ्हाऊ दे. मला नातीची जीभ हवी."

"त्यासाठी उष्टा पेरूच हवा होता ना? खोताच्या पेरूखाली रोज टोपलीभर पडतात, अर्धे टोचून टाकलेले. म्हणून तर मला ठेवलाय! एक शब्द टाकला असतात, तर ओटीवर आणून ओतले असते."

गंगुबाईने तारांत अडकलेला पेरू काढून पदराला पुसला. मग म्हणाली, "भायरच्या पोपटाचं चालत नाय. घरचाच लागतो."

तेवढ्यात नदीकडून थवा आला. रातथाऱ्याला, झोपायच्या झाडांकडे चाललेला, हिरवा, कलकलता. राहीने मान वळवली. डब्यातला पोपट ताठ झाला आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा ओरडला. कापलेले पंख पत्र्यावर फडाफड आपटत, चोच तारांत घालून, थवा माडांपलीकडे जाईपर्यंत ओरडत राहिला.

"बोलला!" गंगुबाई आनंदाने उठली. "बघ गो विमल, बोलला!"

तिने पेरू पुढे केला. चोचीला लागेल ते फोडत असलेल्या पोपटाने पेरूही फोडला. पेरू घेऊन ती पायरीवर बसली आणि राहीच्या ओठांशी नेला.

"खा गो माझी बाय. एक घास."

राहीने दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकून घेतलं. घट्ट. डोळे पिंजऱ्यावर.

"हात काढ बघू. काढ म्हणते ना!" गंगुबाईने तिचं मनगट धरलं.

"आई, सोडा तिला."

कळशीवाल्या चार पावलं पुढे आल्या. विमलने सासूला कधी उलट शब्द दिला नव्हता. ती ओटीवरून उतरली, आढ्याचा डबा काढला आणि तुळशीच्या सावलीत ठेवला.

"काशीमामा, पंख फुटेपर्यंत हा तुमच्याकडे ऱ्हाऊ दे. पोरीला मी रोज पेरूच्या झाडाखाली घेऊन येईन."

राहीने तोंडावरचे हात काढले. अंगणातली करवंटी उचलून ती कळशीवालीपुढे जाऊन उभी राहिली. कळशी तिरकी झाली. भरलेली करवंटी दोन्ही हातांत धरून, जपून पावलं टाकत राही आली आणि तिने ती तारांना टेकवली.

पोपटाने चोच बुडवली. मान वर केली. पुन्हा बुडवली, पुन्हा, पुन्हा. करवंटीचा तळ दिसू लागला.

गंगुबाईच्या हातात फोडलेला पेरू तसाच होता.

"पितो की गो हा," ती हळूच म्हणाली.